खुनाची बातमी आणि ‘फोन ऐकतात’चा मेसेज: आधी तिकीट भरा

माझा भाचा शिरपूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. रात्री अकराला त्याचा मेसेज आला की दोनपैकी एक गोष्ट असते. कुठं तरी कुणी मोठा माणूस मारला गेलेला असतो, नाही तर उद्यापासून सरकार सगळ्यांचे कॉल रेकॉर्ड करणार असतं. कधी दोन्ही एकाच मेसेजमध्ये येतं. अमक्याला मारलं कारण त्याला सगळं ठाऊक होतं, आता आपलेही फोन ऐकतात, पुढे पाठवा.

तो घाबरट नाही. शिकलेला आहे, दोन पोरांचा बाप आहे. म्हणून ‘कायतरी फालतू पाठवतोस’ असं म्हणून मी कधी सोडून दिलं नाही. मी १९८० साली धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून, म्हणजे बाहेरगावचे फोन बोर्डावर हातानं जोडून द्यायला, लागले. मोठ्या माणसांच्या खुनाच्या रात्री बोर्डावर काय होतं ते मी पाहिलंय, आणि लाइनवर कोण ऐकू शकतं, कसं ऐकू शकतं, हेही. मेसेज तपासायची माझी रीत त्या बोर्डावरूनच आलीय. भाच्याला शिकवली, तीच इथं लिहिते.

तिकीट कसं भरायचं

ट्रंक कॉल बुक झाला की आम्ही एक छापील तिकीट भरत असू. कुठून, कुणाला, बुक किती वाजता झाला, लागला किती वाजता, किती मिनिटं चालला, आणि खाली शेरा. कितीही घाई असली तरी तिकिटाशिवाय कॉल पुढे जात नसे.

मेसेज आला की वहीत असंच तिकीट भरा. ‘कुठून’ या रकान्यात ज्यानं तुम्हाला पाठवलं त्याचं नाव लिहायचं नाही. ज्यानं पाहिलं किंवा ज्यानं अधिकृतपणे सांगितलं, त्याचं लिहायचं. बहुतेक मेसेज इथंच अडकतात. आमच्याकडे अहिराणीत साधा प्रश्न आहे, ‘कोनी सांगं तुले?’ भाच्याला मी पहिल्यांदा हा विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘फुई (आत्या), ग्रुपवर आलं.’ ग्रुप हा माणूस नाही. तो रकाना कोरा राहिला, तर कोराच ठेवा. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला, तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय एवढं कळतं. खूप फिरलाय ते कळतं, कुणी लिहिला ते नाही.

दोन वेळांचे रकाने मात्र नीट भरा. घडलं केव्हा आणि कळलं केव्हा. कॉल बुक होणं आणि लागणं यात जसे तास जायचे, तसंच खुनाच्या बातमीत घडणं आणि कळणं यात अंतर असतं, आणि अफवा त्याच अंतरात जन्मते.

३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींना त्यांच्याच अंगरक्षकांनी, बेअंत सिंग आणि सतवंत सिंग यांनी, सकाळी नऊ-वीसच्या सुमारास गोळ्या घातल्या. दुपारी डॉक्टरांनी मृत्यू नक्की केला होता, बीबीसीनं तो सांगितलाही, पण आकाशवाणीनं संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. त्या दिवशी माझी ड्यूटी होती. बोर्डावरचे सगळे दिवे पेटलेले. लोक आठपट दर भरून लाइटनिंग, म्हणजे सगळ्यांत तातडीचे, कॉल मागत होते, दिल्ली, मुंबई, इंदूर. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, खरं आहे का? आणि आम्हा सात जणींपैकी एकीलाही खरं माहीत नव्हतं.

आग्रा रोडवरच्या एका ढाब्याचे सरदारजी काउंटरवर आले. भाऊ दिल्लीला होता. तीन दिवस ते येत राहिले, तीन दिवस तिकीट तसंच राहिलं, लाइन मिळाली नाही. त्या तीन दिवसांत दिल्लीत पाण्यात विष कालवल्याची आणि पंजाबातून प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्याची अफवा उठवली गेली. दोन्ही खोट्या होत्या. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. चौथ्या दिवशी सरदारजींचा कॉल लागला. भाऊ जिवंत होता, दुकान जळालं होतं. ते काउंटरला धरून खाली बसले ते मला आजही दिसतं.

याच्या उलट उदाहरण ३० जानेवारी १९४८चं. गांधीजींना मारणारा कुठल्या धर्माचा, यावर त्या संध्याकाळी हजारो जीव टांगलेले होते. आकाशवाणीनं मारेकरी हिंदू असल्याचं स्पष्ट सांगितलं. त्या एका वाक्यानं केवढी आग अडवली! तरी आपल्या महाराष्ट्रात मारेकऱ्याची जात धरून ब्राह्मणांची घरं जाळली गेलीच. अमळनेरच्या शाळेत मास्तर राहिलेल्या साने गुरुजींनी त्या हत्येनंतर एकवीस दिवस उपास केला.

म्हणून पहिल्या दिवसाचा नियम एकच. कोण मारलं गेलं, एवढंच धरा. कुणी मारलं, का मारलं, कुणाच्या सांगण्यावरून, हे रकाने चोवीस तास कोरे ठेवा. आणि मारेकऱ्याची जात-धर्म सांगणारा मेसेज तर तुमच्या फोनच्या पुढे जाऊच द्यायचा नाही.

हे दूरचं वाटत असेल तर साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, रविवार. पोरं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज आपल्या भागात फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना गावकऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. ते मोठे लोक नव्हते, त्यांच्यासाठी कुठलाही आयोग नेमला गेला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. धुळ्याहून राईनपाडा लांब नाही. ती बातमी वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि तेव्हापासून वही ठेवायला लागले.

‘कुणी मारलं’ याचा कागद कुठला

महिने उलटले की ‘खरं कारण दाबलं’ अशा गोष्टी सुरू होतात. त्यातल्या काहींत तथ्य असतं, म्हणून सरसकट हसण्यावारी नेऊ नका. पण समोर कुठला कागद आहे ते बघायला शिका. एफआयआर म्हणजे फक्त तक्रार. आरोपपत्र म्हणजे पोलिसांचं म्हणणं. निकाल म्हणजे पुरावा तपासून झालेलं उत्तर, आणि तोही वरच्या कोर्टात बदलतो. चौकशी आयोग शिक्षा देत नाही. काय चुकलं, कुठं ढिलाई झाली, ते सांगतो.

राजीव गांधींची हत्या घ्या. २१ मे १९९१, रात्री, श्रीपेरुम्बुदूर. स्फोटात मेलेल्या छायाचित्रकाराचा कॅमेरा शाबूत सापडला आणि त्यातल्या फोटोंवरून तपास उभा राहिला. १९९८मध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टानं २६ जणांना फाशी सुनावली. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चौघांचीच फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली आणि १९ जणांना सोडलं. म्हणजे १९९८चं कात्रण हातात धरून कुणी आज ‘सव्वीस जणांनी मारलं’ म्हणत असेल, तर त्याचं तिकीट अर्धवट आहे. इंदिराजींच्या खटल्यातही बलबीर सिंग यांना फाशी झाली होती, सर्वोच्च न्यायालयानं १९८८मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांचा बळी घेणारा समस्तीपूरचा स्फोट जानेवारी १९७५चा, आणि खालच्या कोर्टाचा निकाल डिसेंबर २०१४चा. एवढ्या विलंबात लोकांच्या मनात शंका साठणारच, त्यात लोकांचा दोष नाही.

भाचा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचंही पाठवतो. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये त्यांचा खून झाला. सरकारनं नेमलेला वॉरन आयोग म्हणाला, मारेकरी एकटा होता. १९७९मध्ये तिथल्या संसदेच्या समितीनं म्हटलं, बहुधा कट असावा. त्यांचा मोठा आधार होता पोलिसांच्या वायरलेसचं रेकॉर्डिंग, त्यात चौथ्या गोळीचा आवाज आहे असा. १९८२मध्ये शास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासलं, तर तो आवाज खुनानंतर सुमारे मिनिटभरानं नोंदलेला निघाला. माझा जन्म हेडसेट कानाला लावून गेला. लाइनवरचा आवाज माणसाला किती फसवतो ते मी जाणते, म्हणून ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते.

आणि त्याच देशात १९७५मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं उघड केलं की सीआयएनं फिडेल कॅस्ट्रोंना मारण्याचे किमान आठ बेत केले होते आणि आपल्याच नागरिकांची दोन लाखांहून जास्त पत्रं उघडून फोटो काढून ठेवले होते. कट नसतातच, असं म्हणणाराही चुकतो. फरक इतकाच, की हा कट समितीपुढे साक्षी झाल्या, कागद निघाले, म्हणून सिद्ध झाला.

एक गोष्ट आणखी. ‘जास्त पाळत ठेवली असती तर नेता वाचला असता’ हे वाक्य प्रत्येक खुनानंतर ऐकू येतं. गांधीहत्येची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा १९६९चा अहवाल याचं उत्तर देतो. २० जानेवारीला बिर्ला हाउसमध्ये स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागेवर पकडला गेला. त्यानं पुण्यातल्या एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाकडे बोट दाखवलं. मुंबईतले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी स्वतः जाऊन तेव्हाच्या मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना माहिती दिली. मध्ये दहा दिवस होते. माहिती होती, ती वेळेत योग्य माणसापर्यंत पोचवून कुणी हालचाल केली नाही. राजीव गांधींच्या बाबतीतही वर्मा आयोगानं बोट ठेवलं ते सुरक्षेतल्या ढिलाईवर. पंतप्रधानपद गेल्यावर त्यांचं एसपीजी या खास सुरक्षा दलाचं कवच काढलं गेलं आणि तेवढ्याच तोलाचं दुसरं दिलं गेलं नाही. आणि खुनाच्याच वर्षी, १९९१च्या मार्चमध्ये, राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले म्हणून पंतप्रधान चंद्रशेखर यांचं सरकार गेलं होतं! पाळत ठेवणं आणि जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोन कोण ऐकतं

आता भीतीकडे येऊ. ‘फोन ऐकतात’ या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या सुट्या करा, निम्मी भीती जागेवर येते.

पहिली, बोलणं ऐकणं. आमच्या काळी एक्स्चेंजमध्ये तुमच्या फोनच्या तारांना समांतर तार जोडली जायची. लोक मला सांगायचे, ‘ताई, लाइनवर खरखर येते, नक्की कुणी तरी ऐकतंय.’ ती खरखर पावसाळ्यात केबलच्या जॉइंटात पाणी शिरल्याची असायची. आज तर सगळं कंपनीच्या यंत्रणेत होतं, त्याचा आवाज येतच नाही. त्यामुळे खरखर, प्रतिध्वनी, कॉल कट होणं, फोन तापणं यातलं काहीही पुरावा नाही. आणि शांत लाइन म्हणजे कुणी ऐकत नाही, असंही नाही.

ऐकायला कायद्यानं आदेश लागतो. १८८५चा टेलिग्राफ कायदा, आता त्याच्या जागी २०२३चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४चे नियम. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा, ६० दिवसांपुरता, वाढवत नेला तरी जास्तीत जास्त १८० दिवस. ही बंधनं आपोआप आलेली नाहीत. नेत्यांचे फोन ऐकल्याचं उघड झाल्यावर पीयूसीएल ही संघटना कोर्टात गेली आणि १८ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयानं ती घालून दिली. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

पण खरी उणीव कुठं आहे तेही सांगते, कारण मला ती टोचते. आदेश देणारे अधिकारी आणि तो तपासणाऱ्या समितीत बसणारेही अधिकारीच. न्यायाधीश कुठंच नाही. माहिती अधिकारात बाहेर आलं होतं की एकटं केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश काढत होतं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८मध्ये लिहिलं की दोन महिन्यांनी भरणाऱ्या या समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. एका बैठकीत एवढी तिकिटं नुसती मोजायची म्हटली तरी जमत नाही, मी मोजलेली आहेत. म्हणजे ‘सगळ्यांचे कॉल रेकॉर्ड होतात, तीन निळ्या टिका आल्या की सरकारनं वाचलं’ हा मेसेज खोटा आहे, पीआयबी या सरकारी माहिती संस्थेनं तो अनेकदा खोटा ठरवलाय. आणि ‘कुणाचंच ऐकत नाहीत’ हेही खोटं आहे.

दुसरी, सीडीआर, म्हणजे कॉलच्या तपशिलाची नोंद. कुणाला, केव्हा, किती वेळ, कुठल्या टॉवरखाली. बोलणं त्यात नसतं. हे म्हणजे आमचं तिकीटच. कंपन्यांना ते किमान दोन वर्षं ठेवावं लागतं आणि तपासात पोलीस ते मागवतात.

तिसरी, फोनमध्येच घुसणं. पेगासस हे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर खरं आहे. २०१९मध्ये व्हॉट्सॲपनं जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठरलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं कोर्टात सांगितलं गेलं. हे महागडं हत्यार निवडक माणसांवर चालवलं जातं. पत्रकार, वकील, कार्यकर्ता असाल तर फोन अपडेट ठेवा, रोज एकदा बंद-चालू करा, आणि कंपनीकडून सूचना आली तर ती पुसू नका, जाणकाराला दाखवा.

चौथी, घरातलं किंवा ओळखीतलं कुणी. खरं सांगते, माझ्याकडे फोन घेऊन आलेल्यांत हीच गोष्ट सर्वांत जास्त निघाली. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा, तिथं अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. कॉलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बंद आहे ना बघा. स्टार-हॅश-२१-हॅश दाबलं की टॅपिंग कळतं, असं सांगतात. ते चूक आहे. तो नंबर फक्त फॉरवर्डिंग सांगायचा. अनोळखी माणसानं स्टार-४०१पासून सुरू होणारं काही दाबायला सांगितलं तर मुळीच दाबू नका, अशा कोडनं लोकांचे कॉल वळवून घेतले गेलेत. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’वर बघता येतं.

या भीतीचा धंदा करणारेही आहेत. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त बाईंना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागे तिरंगा. ‘तुमच्या फोनवर सरकारची नजर आहे, मनी लाँडरिंगमध्ये नाव आलंय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.’ बाई सहा तास खुर्चीत बसून होत्या, पाणीसुद्धा प्याल्या नाहीत. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. खरी पाळत ठेवणारा तुम्हाला फोन करून सांगत नाही. असा कॉल आला तर कापा, शेजारच्याला हाक मारा. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० लावा. वेळ गेला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

घाबरलेल्या माणसाशी बोलताना

हसू नका. ‘तुझं कोण ऐकतंय, तू कोण मोठा’ असं म्हणालात की तो माणूस पुढचा मेसेज तुम्हाला पाठवणार नाही, पण दहा ठिकाणी नक्की पाठवेल. आमच्या आजीला बेचाळीसच्या दिवसांत गावात अनोळखी धोतरवाला दिसला की ‘सीआयडीचा असेल’ असं वाटायचं. नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले त्या काळातली ती बाई. तिची भीती खोटी नव्हती. समोर बसवा, चहा द्या, वही उघडा, आणि त्याच्याच हातानं तिकीट भरून घ्या. रकाना कोरा राहिला की तो स्वतःच थांबतो. भाच्याबरोबर मला असं आठ-नऊ वेळा करावं लागलं.

शेवटचं काम लोक टाळतात. चुकीचा मेसेज आपण पाठवलेला असेल, तर नुसता डिलीट करून भागत नाही, ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यात तो राहतो. ज्या ज्या ग्रुपवर पाठवला तिथं लिहा: ‘काल मी पाठवलेला अमका मेसेज चुकीचा होता. मी तपासला नव्हता. तुम्ही पुढे पाठवला असेल तर त्यांनाही कळवा.’ चार ओळींच्या वर जाऊ नका, कारणं देत बसू नका. भाच्यानं पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा दुकानातले दोन गिऱ्हाईक त्याला हसले. तिसरा, वरवाड्याचा एक म्हातारा शेतकरी, संध्याकाळी आपला फोन घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, ‘भाऊ, हे बी जरा तपासी दे.’ भाच्यानं काउंटरखालून वही काढली.